हीटर वेगळ्या खोक्यात आणि रस्त्याने का आले: तुमच्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बारा सेल्फ-हीटिंग जेवणांची (सोबतच्या हीटरच्या पुडीत पाणी घातलं की गरम होणाऱ्या जेवणांची) पेटी तुम्ही मागवली. जेवण विमानाने लगेच पोचलं, हीटर मात्र मागाहून रस्त्याने आले. त्या खोक्यावर ‘धोक्याचं’ चिन्ह होतं. एक पुडी फुगलेली निघाली आणि ती कुरियरने परत घ्यायला आम्ही नकार दिला. वर तुम्ही म्हणता की दुसरा विक्रेता हेच सगळं साध्या खोक्यात विमानाने पाठवतो, मग तुम्हीच एवढा बाऊ का करता? प्रश्न रास्त आहे आणि तो इतरांनाही पडत असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

रिटॉर्ट पाऊचमधल्या (शिजवून निर्जंतुक केलेल्या सीलबंद पाकिटातल्या) अन्नाला वाहतुकीचं काहीच बंधन नाही. बंधन आहे ते हीटरला. अमेरिकी लष्कराच्या एमआरई (सैनिकांच्या तयार जेवणाच्या) पाकिटांत 1990 च्या दशकापासून जो बिनज्वालेचा हीटर येतो, त्याच जातीचा हा आहे. आत मॅग्नेशियमची पूड, तिच्यात मिसळलेलं थोडं लोखंड आणि मीठ. एका हीटरमध्ये मॅग्नेशियम साधारण 8 ग्रॅम. नुसतं मॅग्नेशियम पाण्यात टाकलं तर फारसं काही होत नाही, कारण त्यावर हायड्रॉक्साइडचा थर बसतो आणि क्रिया मंदावते. लोखंड आणि मीठ तो थर टिकू देत नाहीत. म्हणून तर 30 ते 45 मिली पाण्यात 227 ग्रॅमचं पाऊच दहा-बारा मिनिटांत खाण्याजोगं गरम होतं.

पण त्या उष्णतेबरोबर हायड्रोजनही सुटतो, आणि हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: 1 ग्रॅम मॅग्नेशियममागे जवळपास 1 लिटर. एका हीटरमागे 8 लिटर, तुमच्या बारा हीटरमागे शंभरेक लिटर. हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणजे शंभर लिटर हायड्रोजन अडीच घनमीटर बंदिस्त हवा पेटण्याजोगी करायला पुरेसा आहे. मोकळ्या जागेत एक हीटर वापरताना तो वायू विरून जातो, त्यात काळजीचं कारण नाही. विमानाच्या बंद होल्डमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात) भिजलेल्या खोक्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने विमानातल्या या हीटरच्या वापरावर चाचण्या केल्या होत्या. 2006 च्या अहवालात त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की सुटणारा हायड्रोजन प्रवासी विमानात धोका ठरण्याइतका असतो.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात असा पदार्थ वर्ग 4.3 मध्ये बसतो, म्हणजे ओला झाल्यावर ज्वलनशील वायू सोडणारा. आमचे हीटर यूएन 2813 या क्रमांकाखाली, पॅकिंग ग्रुप 2 मध्ये जातात (ग्रुप धोक्याची पातळी सांगतो, 1 म्हणजे सर्वांत जास्त). हा ग्रुप आम्ही मनाने ठरवत नाही. चाचणीत एक किलो पदार्थातून तासाला जास्तीत जास्त किती वायू सुटतो ते मोजतात: 1 लिटरच्या वर गेला की वर्ग 4.3 लागू, 20 लिटर किंवा जास्त असेल तर ग्रुप 2, आणि एका मिनिटातच 10 लिटर सुटत असेल तर ग्रुप 1.

आता तुमच्या खोक्यावरचं चिन्ह. वरचा आणि खालचा कोपरा काळा, मधला भाग पांढरा, असा तो उभा चौकोन होता ना? ते मर्यादित प्रमाणाचं चिन्ह आहे, म्हणजे धोक्याचा माल थोडा थोडा बांधला तर नियमांत मिळणाऱ्या सवलतीचं. निळ्या पार्श्वभूमीवर ज्वाला आणि खाली 4 आकडा असलेलं वर्ग 4.3 चं लेबल त्यावर नव्हतं, कारण या सवलतीत रस्त्याने जाताना ते लागत नाही. ग्रुप 2 साठी अट अशी की आतल्या एका पॅकिंगमध्ये 500 ग्रॅमपेक्षा जास्त माल नको आणि पूर्ण खोकं 30 किलोच्या आत हवं. बारा हीटर त्यात आरामात बसतात. ही सवलत आहे म्हणूनच हीटर घरपोच देणं आम्हाला परवडतं. ते चिन्ह काढा म्हणणं म्हणजे ही सवलतच सोडा म्हणणं.

विमानाचा मार्ग बंद नाही, हेही सांगतो. तिथे मात्र यूएन चाचणी झालेला, 4जी (पुठ्ठ्याच्या खोक्याचा संकेत) ठसा असलेला खोका लागतो (ग्रुप 2 साठी 1.2 मीटर उंचीवरून पाडून तपासलेला, ठशात वाय किंवा एक्स अक्षर असलेला). त्यावर निळं लेबल, यूएन क्रमांक, ‘वॉटर-रिॲक्टिव्ह सॉलिड, एन.ओ.एस.’ (पाण्याशी क्रिया करणारा घन पदार्थ, यादीत वेगळं नाव नसलेला) हे अधिकृत नाव आणि त्यापुढे मॅग्नेशियमचा उल्लेख लागतो. सोबत लाल रेघांच्या किनारीचं शिपर्स डिक्लेरेशन (माल पाठवणाऱ्याचं घोषणापत्र), दर 24 महिन्यांनी पुन्हा प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या सहीचं. विमान कंपनी यादीप्रमाणे एकेक गोष्ट तपासते, आणि कागदावरच्या नावात काही चुकलं तरी खोकं परत येतं. माल चढला की तो कुठे ठेवला आहे हे कॅप्टनला लेखी कळवतात. नेहमीची पार्सल सेवा हा माल वेगळ्या कराराशिवाय घेत नाही. एका पेटीसाठी एवढं करण्यात अर्थ नाही, म्हणून तुम्ही जलद डिलिव्हरी निवडलीत तेव्हा जेवण विमानाने आणि हीटर रस्त्याने निघाले. ऑर्डरच्या पानावर हे लिहिलेलं आहे. तरी दोन वेगळ्या दिवशी माल मिळाल्याचा वैताग मी समजू शकतो.

दुसऱ्या विक्रेत्याबद्दल. तो काय विकतो ते मला माहीत नाही. काही हीटर कळीच्या चुन्याचे असतात. चुना यूएन 1910, वर्ग 8 (त्वचा किंवा धातू खाणारे पदार्थ), आणि त्याला हे नियम फक्त हवाई वाहतुकीत लागतात, समुद्रमार्गे नाहीत. पण चुन्यात ॲल्युमिनियमची पूड मिसळली की पुन्हा हायड्रोजन आलाच. यातला कुठलाही हीटर न सांगता विमानात चढवणं नियमाबाहेर आहे. हीटर जेवणाच्या पाकिटात घातला म्हणून मॅग्नेशियमचं मॅग्नेशियमपण जात नाही. एखाद्या देशात सीलबंद जेवणाला खास परवानगी असली, तर ती त्याच पॅकिंगपुरती असते. पाकिट फोडून सुटे हीटर पाठवले की ती लागू राहत नाही.

याबाबतीत मी तसूभरही मागे हटणार नाही. 11 मे 1996 रोजी व्हॅल्यूजेटच्या 592 क्रमांकाच्या विमानात ऑक्सिजन जनरेटर (रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार करणारे, क्रियेत खूप तापणारे डबे) ‘रिकामे’ म्हणून चढवले गेले. ते रिकामे नव्हते. होल्डमध्ये आग लागली आणि विमानातले सर्व 110 जण गेले. तो पदार्थ वेगळा होता, पण खोक्यात काय आहे हे विमानात कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि तेच घातक ठरलं. आमचं खोकं पावसात उतरवणाऱ्या हमालाला आणि आग लागली तर पाण्याचा पाइप घेऊन धावणाऱ्याला आत काय आहे ते कळायलाच हवं. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर आग भडकते, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही. तिथे कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पूड लागते.

राहिली फुगलेली पुडी. सीलला बारीक छिद्र पडलं की हवेतला ओलावा आत जातो, क्रिया हळूहळू सुरू होते आणि हायड्रोजनने पुडी फुगते. तसा हीटर नंतर पाणी घातलं तरी कोमटच राहतो, पूड पांढरट पडून गोळा झालेली दिसते. अशी खराब पुडी वाहतुकीच्या अटींत बसत नाही, म्हणून ती कुरियरने मागवली नाही. ती तुम्ही पोस्टातही टाकू नका. गॅस, शेगडी, सिगारेट यांपासून दूर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा. बाथरूम साफ करायच्या ॲसिडजवळ तर मुळीच नको, ॲसिडने हायड्रोजन फार वेगाने सुटतो. घरच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

बदली हीटर पुढच्या रस्त्याच्या खेपेत विनामूल्य निघेल, खोक्यावर तेच काळं-पांढरं चिन्ह असेल. पुढच्या वेळी सगळं एकाच दिवशी हवं असेल तर ऑर्डर करताना ‘एकत्र, रस्त्याने’ हा पर्याय निवडा. जेवण आणि हीटर एकाच खोक्यात येतील.