स्क्रू गोल कसा करावा

इंजिन उघडायला बसणार असाल तर आधी वेळ नीट निवडा. मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ उत्तम. भुसावळकडे तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्याही वर. हाताला घाम, डोक्यात ऊन आणि संध्याकाळी हळदीला हीच गाडी घेऊन जायची घाई, हे तीन योग जुळून आले की जुन्या मोटारसायकलचा कुठलाही स्क्रू तुमच्यापुढे टिकणार नाही. म्हणजे त्याचं डोकं टिकणार नाही. सकाळच्या गारव्यात, पोटभर नाश्ता करून बसणारी माणसं स्क्रू काढतात. आपल्याला तो गोल करायचा आहे.

गाडी अर्थातच जुनी हवी. १९८५ ला आलेली आणि १९९६ ला बंद झालेली यामाहाची आरएक्स १००, नाहीतर त्याच १९८५ सालची हीरो होंडाची सीडी १००, म्हणजे सोनं. त्यातही गाडी रावेर-यावलकडची असेल तर सोन्याहून पिवळं. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि त्या गाडीने वर्षानुवर्षं मागच्या सीटवर पोटॅशची पोती वाहिलेली असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच भावकीतलं. फाटक्या पोत्यातून ते इंजिनवर सांडतं, वर काळ्या मातीचा चिखल बसतो, मग बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जाते आणि ओली तशीच गोठ्याच्या कडेला लावली जाते. कव्हर ॲल्युमिनियमचं, स्क्रू पोलादाचा. दोन जातीचे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, मग ॲल्युमिनियम पांढरी भुकटी सोडतं आणि ती आट्यांमध्ये गच्च बसते. निम्मं काम तुमच्याआधीच उरकलेलं आहे. उरलेलं निम्मं पेचकसाने करायचं.

पेचकस विकत आणू नका, घरात असतोच. टीव्हीखालच्या खणात, बंद पडलेल्या रिमोटशेजारी, आत बारीक दिवा असलेला टेस्टर पडलेला असतो. तो स्विचबोर्ड उघडायला चालतो, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला चालतो, नारळाचा डोळा फोडायला चालतो. मग क्लच कव्हरला न चालायला काय झालं? टेस्टर सापडला नाही तर सगळ्यांच्या घरी असतो तो दोन नंबरचा स्टार, म्हणजे फुलीच्या टोकाचा पेचकस घ्या. इंजिनच्या साइड कव्हरचे सहा मिलिमीटरचे स्क्रू तीन नंबरचं टोक मागतात, म्हणून तर दोन नंबरचं घ्यायचं. ते आत सैल बसतं, जोर लावला की चढून बाहेर येतं आणि येताना फुलीच्या कडा तासून आणतं. दोन-तीन वेळा असं झालं की फुलीची वाटी होते.

इथे एखादा चोखंदळ माणूस आडवा येईलच. तो म्हणेल, भाऊ, ही फुली फिलिप्सची नाही, जपानी आहे. त्याचं म्हणणं खरं आहे, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करा. हेन्री फिलिप्सची फुली १९३६ च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांना बसू लागली. जोर वाढला की तिच्यातलं टोक वर सरकतं. यामाहा, होंडा, सुझुकीच्या जुन्या गाड्यांची फुली जेआयएस नावाच्या जपानी मापाची. तिची ठेवण जरा वेगळी, तिचं टोक तळापर्यंत बसतं आणि तिथेच राहतं. ओळखायला अनेकदा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका दिसला तर त्यावर लगेच ग्रीस फासा. एकदा दिसला की उगाच मन खातं, आणि दुकानात जाऊन जेआयएसचा पेचकस मागण्याचा मोह होतो. शिवाय त्या आधी फुलीतली माती दाभणाने कोरून काढावी लागते. एवढा वेळ असता तर आपण गाडी धुऊनच ठेवली नसती का?

हे काम एकट्याने करू नये. गाडी स्टँडला लावून तुम्ही खाली बसलात की माणसं आपोआप जमतात. आप्पा येतात, शेजारचा पोऱ्या येतो, दूध घालायला निघालेला एकजण कॅन खाली ठेवतो. "जोर लाव भो, निंघी जाई," असा पहिला सल्ला येतो. इथे नीट लक्ष द्या. सल्ला जोर लावण्याचा आहे, पण कुठे लावायचा ते कोणी सांगत नाही. जाणते मिस्त्री आपला बहुतेक जोर टोक आत दाबण्यात घालवतात आणि फिरवायला थोडाच ठेवतात. तुम्ही उलट करा. दाबायला दोन बोटं, फिरवायला खांद्यापासूनची ताकद. मग आप्पा "सरक भो, दे मले" म्हणतील. त्यांना देऊन टाका. ते पेचकसाच्या दांडीला पक्कड लावतील आणि दोन्ही हातांनी पिळतील. दांडी वाकेल, टोक सुटेल, आप्पांचं मनगट कूलिंग फिनवर आपटेल. खाली वाकून पाहिलंत तर फुलीच्या जागी गुळगुळीत खळगी आणि तिच्या काठाला चकाकणारा धातूचा बारीक छिलका. स्क्रू केसभरही हललेला नसेल. "आत गंज शे," असं आप्पा सांगतील आणि निवांत विडी काढतील.

या क्षणी कोणीतरी मोबाईल पुढे करेल. त्यात एक गोरा माणूस स्क्रूवर रबरबँड ठेवून पेचकस फिरवतो आणि स्क्रू अलगद बाहेर येतो. तो स्क्रू लाकडी कपाटाचा असतो, पण ते कोणी पाहत नाही. तुमच्या घरात रबरबँडचा डबा आहे, तर तो संपवा. रबराऐवजी खळगीत व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची खरखरीत पेस्ट भरली तर टोकाला खरोखर पकड मिळते आणि ती कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. म्हणूनच ती आणायला कोणी जात नाही.

आता तेल. तेलाचा नियम एकच: मारलं की लगेच फिरवायचं. निळ्या-पिवळ्या डब्यातला तो प्रसिद्ध फवारा, डब्ल्यूडी-४०, १९५३ साली सॅन दिएगोमध्ये धातूवरचं पाणी हटवण्यासाठी तयार झाला. आट्यांत खोल मुरणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. पण वास चांगला येतो आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. मुरणारं तेल हवं तर काही मिस्त्री एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं मिसळतात, थेंबथेंब सोडतात आणि रात्रभर गाडीकडे बघतही नाहीत. सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका टोला देतात, म्हणजे गंजाची पकड सुटते. मग आधी चिमूटभर घट्ट करायच्या दिशेने ढकलतात आणि नंतर सैल करायच्या दिशेने. मधल्या वेळात ते चहा पितात. गिऱ्हाईक म्हणून तुमचं कर्तव्य हेच की तो चहा मोजायचा. "सकाळपासून एक स्क्रू काढला नाही आणि दोनशे रुपये मागतो," असं गॅरेजच्या दारात मोठ्याने म्हणायचं. खान्देशातल्या कितीतरी चांगल्या मिस्त्र्यांनी तेल मुरू देण्याची सवय केवळ या एका वाक्याने सोडली आहे. आता तेही आल्या आल्या छिन्नी लावतात आणि गिऱ्हाईक खूश असतं, कारण आवाज येतो.

तापवण्याबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून स्क्रू नाही तर भोवतालचं कव्हर तापवलं की छिद्र मोकळं होतं. टाकी आणि कार्बोरेटर काढून, ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावर, हीट गनने हे करणारे लोक असतात. आपण टाकी जागेवर ठेवावी, पेट्रोलचा कॉक गळतो की नाही हे पाहू नये आणि वेल्डिंगवाल्याकडून गॅसची नळी उसनी आणावी. गावात बऱ्याच दिवसांत काही घडलेलं नसतं.

हातोडीला मात्र मान द्यायलाच हवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं एक जाडजूड पोलादी हत्यार मिळतं. त्याच्या पाठीवर टोला हाणला की आतल्या तिरक्या खाचेमुळे तोच टोला टोकाला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडंसं फिरवतो. म्हणजे टोक सुटायला सवडच मिळत नाही. जुन्या जपानी इंजिनांसाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, किंमतही एका वेळच्या पार्टीपेक्षा जास्त नसते. आणलंच तर त्याची कॉलर उलट दिशेला, घट्ट करायच्या बाजूला फिरवून ठेवा. मग दहा-बारा टोल्यांत स्क्रू जन्माचा बसेल आणि शेवटी कव्हरच तडकेल. नुसती छिन्नी असेल तर ती स्क्रूच्या डोक्याच्या कडेला तिरकी लावून डावीकडे टोले देतात, त्याने खूप स्क्रू निघतात. तुम्ही ती मधोमध, सरळ लावा.

ड्रिलपर्यंत पोचलात तर अभिनंदन. बोथट बिट, लटपटता हात आणि सेंटर पंचशिवाय सुरुवात. बिट पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियमकडे आपोआप जातं. वास्तविक इथे एक सोपी वाट आहे: स्क्रूचं फक्त डोकं ड्रिलने उडवायचं, कव्हर मोकळं होतं, आणि डोकं गेल्यामुळे ताण सुटलेला उरलेला दांडा कित्येकदा ग्रिप प्लायरने सहज फिरतो. नाहीच फिरला तर त्यावर नट वेल्ड करायचा. वेल्डिंगची धग आणि नटाची पकड दोन्ही एकदम मिळतात. पण यात थरार नाही. थरार इझी-आउटमध्ये आहे. बारीक छिद्र पाडून तो उलट्या आट्यांचा कडक पोलादी तुकडा आत पिळायचा आणि "कट" असा आवाज येईपर्यंत पिळतच राहायचं. आता आत जे अडकलं आहे ते तुमच्या ड्रिलपेक्षा कडक आहे. इथून पुढे लेथवाल्याचा प्रांत. तो डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवेल, केसिंग उजेडाकडे धरेल आणि काहीही न बोलता एक आकडा सांगेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

यामाहाचा उजवा आरसाही याच ओघात करून टाका. त्याचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणून नेहमीप्रमाणे डावीकडेच पिळा. क्लचच्या खटक्याजवळचा डावा आरसा सरळ आट्यांचा असतो, त्यामुळे त्यात काही मजा नाही.

चुकून सगळे स्क्रू निघालेच, तरी हताश होऊ नका. कव्हरच्या स्क्रूंची लांबी सारखी नसते. काही जण पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवतात. तुम्ही सगळे एका वाटीत टाका. लांब स्क्रू आखूड छिद्रात गेला की तळाला टेकतो; कव्हर अजून सैलच असतं, म्हणून तुम्ही आणखी पिळता, आणि पुढचं काम आपोआप होतं. आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट लावू नका. जुने गोल स्क्रू टाकून षटकोनी खाचेचे एलन बोल्ट बसवू नका, पुढच्या पिढीला काय उरणार? ॲल्युमिनियममधल्या सहा मिलिमीटरच्या स्क्रूला एक किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. पण आप्पांचा हात लागल्याशिवाय घट्ट झाल्याचं समाधान कुठलं? आटे गेलेच तर हेलिकॉइल नावाचं तारेचं वेटोळं बसवून नवे करता येतात, हे आप्पांना सांगू नका.

बहुतेकांचं मात्र एवढ्यावर येत नाही. बाकीचे निघतात आणि किकच्या मागचा एकच राहतो. मग कव्हर आणि केसच्या सांध्यात टेस्टर घालून उचकटतात, गॅस्केटची जागा ओरखडते आणि तिथून तेल झिरपू लागतं. उरलेले स्क्रू परत लावा आणि जाहिरात लिहायला घ्या: "आरएक्स १००, घरची गाडी, एक हाती वापर, इंजिन न खोललेलं." खोटं त्यात काहीच नाही. फोटो फक्त डाव्या बाजूने काढा. घेणारा आलाच तर किकच्या बाजूला आप्पांना खुर्ची टाकून द्या. ते तिथून हलणार नाहीत, आणि गाडीबद्दल त्याने विचारायच्या आतच सांगायला लागतील.