टाका नाही, म्हणून थेंबही नकोत?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल एक फॉरवर्ड मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: ऑपरेशन आता बिनटाक्याचं, दहा मिनिटांचं, तेव्हा महिना-दीड महिना थेंब घालायला लावणं हा केमिस्टचा धंदा, त्यातल्या स्टेरॉइडने काचबिंदू होतो, लाली गेली की थेंब बंद करा आणि गुलाबजल किंवा मध घाला, पावसाळ्यात ऑपरेशन करूच नका, आणि पुढे डोळा लाल झालाच तर ती थेंबांची रिॲक्शन, दोन दिवसांत उतरते. यात थोडं खरंही आहे, म्हणूनच लोक फसतात.

टाक्यापासून सुरुवात करू. फेको या आजच्या नेहमीच्या पद्धतीत बुबुळाच्या कडेला साधारण सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरची चीर देतात. ती तिरकी, झडपेसारखी असते आणि आतल्या दाबानेच मिटते, म्हणून टाका लागत नाही. पण त्या चिरेतून आत गेलेली सुई अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडते आणि शोषून घेते. मोतीबिंदू जितका पिकलेला, तपकिरी, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि नंतरची सूजही जास्त. बाहुली नीट मोठी झाली नाही, हुक लावून ताणावी लागली, तर आणखी भर. एरवी रक्तातली प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी डोळ्यातल्या पाण्यात उतरत नाहीत. ऑपरेशननंतर तो बंदोबस्त काही काळ ढिला पडतो. डॉक्टर ज्यातून डोळा तपासतात त्या स्लिट लॅम्पच्या बारीक झोतात मग त्या पेशी कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात. आरशात यातलं काहीही दिसत नाही. ऑपरेशन दहा मिनिटांत आटपलं, म्हणून सूज येत नाही असं नाही.

‘इतक्या बाटल्या कशाला?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. सहसा तीन असतात. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक जंतूंसाठी. ते आठवडा-दोन आठवड्यांत संपतं आणि सुजेवर त्याचा काही उपयोग नाही. दुसरी बाटली स्टेरॉइडची, बहुधा प्रेडनिसोलोन ॲसिटेट 1 टक्का. तिसरी नेपाफेनॅक किंवा ब्रोमफेनॅक, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं सूजविरोधी औषध. सूज ज्या रासायनिक साखळीने वाढते, ती स्टेरॉइड वरच्या कडीला तोडतं आणि नेपाफेनॅक खालच्या. म्हणून दोन्ही. युरोपात मधुमेह नसलेल्या रुग्णांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रीमेड’ अभ्यासात बारा आठवड्यांत डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) दखलपात्र सूज येण्याचं प्रमाण नुसत्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने 5.1 टक्के, नुसत्या ब्रोमफेनॅकने 3.6 टक्के आणि दोन्ही मिळून 1.5 टक्के होतं. तिसरी बाटली पुष्कळदा ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधीच सुरू करायला सांगतात, आणि ‘अजून डोळ्याला हात कुठे लावलाय’ म्हणून नेमकी तीच घरी पडून राहते. ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसू नये, हेही तिचं काम असतं.

बिनथेंबांची पद्धतही आहे, हे इथेच सांगायला हवं. ऑपरेशनच्या शेवटी स्टेरॉइड डोळ्यात किंवा डोळ्याभोवती इंजेक्शनने सोडतात. म्हणजे औषध टळत नाही, ते आधीच दिलेलं असतं. आपल्या डिस्चार्ज कार्डावर तशी नोंद नसेल, तर ही सवलत आपली नव्हे.

सगळ्यात जास्त नुकसान ‘लाली गेली की बंद करा’ या वाक्याने होतं. लाली डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असते आणि ती चार-आठ दिवसांत जाते. आतली सूज त्यानंतरही रेंगाळते. पडद्याच्या मध्यावरची सूज तर बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात उमटते: सुरुवातीला छान दिसत होतं, आता वर्तमानपत्राची अक्षरं धुरकट किंवा वाकडी दिसतात, अशी तक्रार येते. स्टेरॉइड एकदम थांबवलं तर दबलेली सूज उसळते, म्हणून ते उतरत्या क्रमाने देतात. दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी, असा सहा आठवड्यांचा क्रम पुष्कळ कार्डांवर असतो. काही ठिकाणी चार-तीन-दोन-एक असा चार आठवड्यांचा. डायफ्लुप्रेडनेट हे स्टेरॉइड जास्त तीव्र असल्याने कमी वेळा घालतात. तेव्हा शेजारच्या काकांचं कार्ड आपल्याला लागू नाही.

हिशेब करून पाहा. सहा आठवड्यांच्या क्रमात 147 थेंब लागतात. 5 मिलिलिटरच्या बाटलीतून सव्वाशेच्या आसपास निघतात, काही गालावर ओघळतात, शिवाय उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते. दुसरी बाटली लागते ती यामुळे. धंद्याचा संशय घ्यायला ही जागा चुकीची आहे.

औषध घालूनही सूज हटत नाही, तेव्हा बऱ्याचदा चूक घालण्यात असते. प्रेडनिसोलोनचं औषध बाटलीच्या तळाशी बसतं. न हलवता घातलं तर आधीचे दिवस नुसतं पाणी जातं आणि शेवटी दाट गाळ. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. दोन औषधांत पाच ते दहा मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलका दाबायचा. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही.

काचबिंदूची भीती निराधार नाही. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर खरंच वाढतं, बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या वापरानंतर. घरात काचबिंदू असेल, मायनस नंबर मोठा असेल, तर शक्यता अधिक. फेरतपासणीत प्रेशर मोजतात ते त्यासाठीच, आणि गरज पडल्यास लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य स्टेरॉइड देतात. धोका आहे तो जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून तीच बाटली महिनोन् महिने घेत राहण्यात. विरारहून परळला जाणं नको म्हणून तपासणी टाळायची आणि थेंब मात्र चालू ठेवायचे, हे त्यातलंच.

मधुमेह असलेल्यांना पडद्याच्या सुजेचा धोका मुळातच जास्त, त्यामुळे तिसरी बाटली त्यांना अधिक दिवस चालते. आणि ज्यांना पूर्वी डोळ्याच्या आत सूज येऊन गेली आहे, म्हणजे युव्हायटिस, त्यांचा डोळा साधारण तीन महिने शांत राहिल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. त्यांना डॉक्टर ऑपरेशनआधीच स्टेरॉइड सुरू करतात, कधी पोटातूनही. ही माहिती पहिल्याच भेटीत सांगायची असते.

गुलाबजल आणि मध निर्जंतुक नसतात. ताज्या चिरेवर ते घालू नयेत, एवढंच.

पावसाळ्याचंही तसंच. थिएटर बारा महिने सारखंच असतं. डोळे आले असतील तर ते बरे होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि मुंबईत ती साथ पावसाळ्यात येते, एवढाच काय तो संबंध. ऑपरेशन गणपतीच्या तोंडावर असेल तर विसर्जनाच्या गुलालापासून लांब राहा.

शेवटचं ‘रिॲक्शन, दोन दिवस थांबा’ हे सगळ्यात घातक. पहिल्या 12 ते 48 तासांत बुबुळ कडेपासून कडेपर्यंत धुरकट झालं, तर ती ऑपरेशनमधल्या द्रवांची किंवा उपकरणांची विषारी सूज, जंतूंशिवाय आलेली, असू शकते. बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात ठणका, वाढती लाली आणि घटती नजर एकत्र आली, तर आत जंतुसंसर्ग समजून चालायचं. यात काही तासांनीही फरक पडतो. घरच्या घरी स्टेरॉइड वाढवू नका आणि सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. ते मिळाले नाहीत तर केईएम, सायन, नायर किंवा जे. जे. यांपैकी जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. जाताना डिस्चार्ज कार्ड, लेन्सचं स्टिकर आणि तिन्ही बाटल्या बरोबर न्या, आणि निघताना काही खाऊ नका. डोळ्यात इंजेक्शन किंवा पुन्हा ऑपरेशन त्याच रात्री करावं लागू शकतं. मधुमेहाचं औषध चालू असेल तर उपाशी किती वेळ राहायचं, हे फोनवरच विचारून घ्या.