"सगळे पॉलिफिल टाका आणि मोकळे व्हा" या कमेंटला माझं उत्तर

सगळ्यात आधी, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ब्राउझरसाठी बिल्ड करताना (म्हणजे कोड एकत्र बांधताना) येणारी मॉड्यूल नॉट फाउंडची एरर घालवायला मी माझ्या पोस्टमध्ये उगाच दोन पानं खर्च केली, नोडचे (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) सगळे पॉलिफिल, म्हणजे नोडमध्ये असलेल्या पण ब्राउझरमध्ये नसलेल्या गोष्टींचे पर्याय, देणारं एक प्लगइन टाकलं की पाच मिनिटात बिल्ड होतो, नाहीतर रिॲक्ट-स्क्रिप्ट्स (क्रिएट रिॲक्ट ॲपचं बिल्ड करणारं पॅकेज) ४.०.३ वर मागे जायचं. आणि माझ्या पोस्टमधलं वेबपॅकच्या (कोड बांधून बंडल बनवणाऱ्या टूलच्या) फॉलबॅक सेटिंगमध्ये, म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही तर काय वापरायचं तिथे, फॉल्स द्यायचं वाचून तुम्ही तसं केलंत तर वॉलेट लॉगिनच बंद पडलं.

हा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. फॉल्स दिलं की वेबपॅक त्या मॉड्यूलच्या जागी रिकामा ऑब्जेक्ट ठेवतो, बिल्ड हिरवा होतो, आणि युजरने साइन करायला बटण दाबलं की रँडमबाइट्स इज नॉट अ फंक्शन. एचटीटीपी, झेडलिब वगैरे ज्या वाटेने तुमचा कोड जातच नाही तिथे फॉल्स चालतं, क्रिप्टो या एनक्रिप्शनच्या मॉड्यूलला मात्र ते सरसकट द्यायचं नसतं. मी हे वेगळं करून सांगायला हवं होतं, पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये.

पण प्लगइनचं पटत नाही, आणि का ते सांगतो. वेबपॅक ५ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं तेव्हा त्यांनी नोडचे पॉलिफिल आपोआप भरणं बंद केलं, त्याआधी ते गुपचूप आत जायचे आणि आपल्याला पत्ताच नसायचा. म्हणजे आज जी लाल एरर दिसते ती नवीन बिघाड नाहीये, आधी झाकलेली गोष्ट आता दिसतेय एवढंच. मग ती एरर आली की पहिला प्रश्न "कुठलं पॅकेज टाकू" हा नसून "हे मागतंय कोण" हा असला पाहिजे. एररच्याच ओळीत कुठल्या फोल्डरमधून मागणी आली ते लिहिलेलं असतं, पॅकेजचं नाव कळलं की एनपीएम एलएस आणि पुढे ते नाव मारलं की ते कोणाच्या मागून आत आलं तेही कळतं.

माझ्याकडे झालेलंच सांगतो. एका डॅपमध्ये (ब्लॉकचेनवर चालणारं ॲप) एफएस, पाथ, ओएस आणि क्रिप्टो अशा चार एरर एकदम आल्या. मला वाटलं वेब३जेएस ही इथेरियमची लायब्ररी मागत असेल (त्या लायब्ररीचं जुनं १.x व्हर्जन यातलं काही मागतंच, त्यामुळे संशय तिच्यावरच जातो). बघितलं तर चारही डॉटएन्व्हमधून (.env फाइलमधल्या व्हॅल्यू वाचणारं नोडचं पॅकेज) येत होत्या, कारण कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करायच्या स्क्रिप्टमधला एक हेल्पर कोणीतरी फ्रंटएंडच्या फाइलमध्ये इम्पोर्ट केला होता. आणि त्या हेल्परमध्ये डिप्लॉयरची प्रायव्हेट की वाचणारी ओळ होती! तिथे मी प्लगइन टाकलं असतं तर एरर गेल्या असत्या, मग प्रायव्हेट की मिळत नाही म्हणून पुढच्याने ती रिॲक्ट-ॲप नावाने सुरू होणाऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकली असती, आणि तसं केलं की ती व्हॅल्यू थेट बंडलमध्ये छापली जाते, ब्राउझर उघडून कोणीही वाचू शकतं. इम्पोर्ट काढला, चारही एरर गेल्या, एकही पॅकेज वाढवावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे क्रिप्टोचा पॉलिफिल हा काही निरुपद्रवी भराव नाहीये. क्रिप्टो-ब्राउझरिफाय (हाच तो पॉलिफिल) घेतलं की त्याच्या मागून एलिप्टिक, पीबीकेडीएफ२ (पासवर्डवरून की बनवणारं पॅकेज) अशी बरीच मंडळी येतात. पीबीकेडीएफ२च्या ३.०.१० ते ३.१.२ या व्हर्जन्समध्ये असा बग होता, की नोडला चालणारं पण पॉलिफिलला न ओळखता येणारं अल्गोरिदमचं नाव दिलं तर ब्राउझरमध्ये एरर न देता अंदाज करता येईल अशी की (key), कधी नुसत्या शून्यांची, परत यायची. जून २०२५ मध्ये ३.१.३ ला दुरुस्त झालं. टेस्ट नोडवर चालवल्या तर सगळं पास, कारण तिथे खरं क्रिप्टो असतं! ज्या ॲपमध्ये लोकांचे पैसे आहेत तिथे बिल्ड पडलेला मला हजारदा चालेल, पण असली शांतपणे तयार झालेली चुकीची की नको.

रिॲक्ट-स्क्रिप्ट्स ४.०.३ बद्दल, तो म्हणजे वेबपॅक ४, आणि नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ (नोडच्या आतली एनक्रिप्शनची लायब्ररी) आल्यामुळे त्याचं एमडी४ हॅशिंग चालत नाही, मग नोडला जुनी पद्धत चालू करणारा लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग लावत बसायचं. शिवाय क्रिएट रिॲक्ट ॲपच फेब्रुवारी २०२५ मध्ये डेप्रिकेट झालंय.

पॉलिफिल कधीच नको असं मी म्हणत नाहीये. सोलानाच्या वेब३ लायब्ररीचं १.x वापरताय तर बफर (नोडचा बाइट्स ठेवायचा प्रकार) लागणारच, तेव्हा तेवढाच बफर द्या, वेबपॅकच्या प्रोव्हाइडप्लगइनने, बास. पिनो-प्रिटी, लोकीजेएस, एन्कोडिंग ही नावं वॉलेटकनेक्टमुळे (वॉलेट जोडून देणारं पॅकेज) नेक्स्टजेएसच्या बिल्डमध्ये दिसतात, ती ब्राउझरमध्ये लागत नाहीत, एक्स्टर्नल्समध्ये (बंडलमध्ये न घ्यायच्या गोष्टींच्या यादीत) टाकली की झालं. आणि नवीन काम असेल तर व्हिएम (viem) किंवा ईथर्स ६ या इथेरियमच्या लायब्ररीज घ्या, दोन्ही नोबल नावाच्या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीज वापरतात, ब्राउझरमध्ये नोडचं क्रिप्टो मागत नाहीत. वेब३जेएसचा रेपो तर मार्च २०२५ मध्ये अर्काइव्ह झाला, त्यावर नवीन काही उभं करू नका.

तुमचं लॉगिन अजून बंद असेल तर असं करा, क्रिप्टोचं फॉल्स काढा, एरर परत येऊ द्या, आणि ती कुठल्या पॅकेजच्या फोल्डरमधून येतेय ती ओळ इथे टाका, वॉलेटचं पॅकेज आणि त्याचं व्हर्जनही लिहा. नुसत्या ॲड्रेसच्या चेकसमसाठी (ॲड्रेस चुकला नाही ना हे तपासायला) क्रिप्टो मागत असेल तर एक साधं केक्कॅक (इथेरियमचं हॅशिंग) फंक्शन पुरेल, खरोखर की (key) बनवत असेल तर वेगळं बघावं लागेल.