तूच अर्थिंग हायस

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून, माझाच चहा पीत मला सांगितलं की ती गिटार बंद कर आणि ते मागचं घरघर तेवढं चालू ठेव, ब्येस वाटूलालंय. अजून डोक्यातून गेलेलं नाही म्हणून लिहितोय.

लूपर म्हणजे पायाने दाबायचं एक डबडं. दाबलं की वाजवलेलं रेकॉर्ड होतं, परत दाबलं की तेच गोल गोल फिरत राहतं आणि त्याच्यावर दुसरा थर, तिसरा थर चढवत जायचं. चाळिशीत बँडला माणसं मिळत नाहीत, सगळे हप्ते आणि पोरांच्या क्लासमध्ये अडकलेले, म्हणून आपणच आपली साथ करायची ही सोय. फक्त घरघर असेल तर तीही रेकॉर्ड होते. प्रत्येक थराबरोबर एक नवी घरघर. चौथ्या थराला गाणं तळाशी आणि वर पिठाची गिरणी.

त्याआधी आठवडाभर मी ही घरघर कुठनं येते ते शोधत होतो. केबल बदलली, तीच घरघर. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करून गिटार वाजवणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल, बनियन पिळून काढलं तरी तीच घरघर. मग लूपर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लावला तर त्यातली बारीक चीं गेली! म्हणजे ट्यूनर (गिटार सुरात लावायचं यंत्र) आणि लूपर एकाच अडॅप्टरला फाटा काढून जोडले होते आणि लूपरमधल्या डिजिटल सर्किटचा आवाज त्याच वायरीतून फिरत होता. वेगळा अडॅप्टर आणला. (बॅटरीवरच का नाही ठेवलं, तर हे डबडं बॅटरी शेंगदाण्यासारखी खातं.) चीं गेली, ॲम्पमधनं (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) येणारी मागची जाड घरघर तिथंच. त्यात पाणी सुटलं की अजून वाढते, कारण आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड आणि पाणी आलं की बिल्डिंगभर सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू. आता बायको नळ बघतच नाही, आतनं ओरडून विचारते, "तुझा ॲम्प काय म्हणतोय, पाणी आलं का?"

एक गोष्ट मात्र कळली. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर 50 आणि तिच्या दुप्पट 100 वर बसते, आणि गिटारचा खालचा जी, म्हणजे त्या नावाचा इंग्रजी सूर, आहे 98 ला. म्हणजे अख्खा देश किंचित चढ्या जी मध्ये गुणगुणतोय. मी दोन दिवस सगळी गाणी जी मध्येच वाजवून बघितली, खपून जाईल म्हणून. नाही खपत. तानपुरा शेजाऱ्याने लावल्यासारखं वाटतं.

तर काका. पूर्व भागात यंत्रमागावर पस्तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, आता रिटायर. मागाच्या खटखटीने कान गेलेत, म्हणजे बारीक आवाज गेलेत, जाड आवाज शाबूत. "काका, चहा घेणार?" तीनदा विचारावं लागतं, पण खाली रिक्षा उभी राहिली तर बेअरिंग कुठल्या चाकाचं गेलंय ते सांगतात.

आले, बसले, डोळे मिटले.

"काय करूलालास बे?"

"काका, ही घरघर काढतोय."

"का? चांगली हाय की. माग लांबनं चालल्यावानी." मग हात वर केला. "थांब. हितं गाठ हाय."

"कुठं?"

"ऐक की. घर्रर्र, घर्रर्र... टक. परत घर्रर्र... टक. दोरा तुटल्यावर पोरानं घाईत जोडल्यावानी. तुझा जोड कच्चा हाय बे."

मी आठ दिवस जे ऐकलं नव्हतं ते त्यांनी चहाच्या दुसऱ्या घोटाला ऐकलं. लूपचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जुळताना घरघरीची लाट मध्येच तुटते, तो टक. पाय असा पडायला हवा की लूपची लांबी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या नेमक्या पटीत बसेल, तरच लाटेला लाट जुळणार. माझा पाय तेवढा बरोबर पडत असता तर मी सोलापुरात बँकेत व्हाउचर तपासत बसलो असतो का?

मग मी तारांवर हात ठेवला आणि घरघर कमी झाली. उचलला, वाढली. काकांनी चारदा करायला लावलं. मग माझ्याकडे नीट बघितलं, डॉक्टर रिपोर्टवरनं मान वर करून बघतात तसं.

"घरात अर्थिंग हाय का?"

"तीन पिनचं सॉकेट आहे की काका."

"सॉकेट हाय. मागं कायच नाही. तूच अर्थिंग हायस."

घरी जाऊन टेस्ट लॅम्प घेऊन आले, म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि दोन वायरी. स्वयंपाकघरात फ्रीजच्या सॉकेटला एक वायर करंटच्या भोकात आणि दुसरी वरच्या जाड, अर्थिंगच्या भोकात लावली, बल्ब पेटला. बेडरूममध्ये लावली, अंधार. हॉलमध्ये अंधार. मालकाला फोन केला तर म्हणतो, "दहा वर्षं कुणाला काही झालं नाही, तुम्हालाच कसं होतं?" उन्हाळ्यात कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात त्या काय प्रेमाने येतात का? डिपॉझिट घेताना तीन पिनचं डिपॉझिट घेतलं आणि दिल्या दोनच. एका मित्राने तर घरघर घालवायला ॲम्पची जाड, अर्थिंगची पिनच तोड म्हणून सांगितलं. ॲम्पची बॉडी लोखंडी आहे, उद्या आत काही सुटलं तर जी मध्ये मीच गुणगुणेन.

आता मी स्वयंपाकघरात वाजवतो, फ्रीजच्या सॉकेटवर. गिटार फ्रीजकडे धरली की त्याच्या मोटरची गुरगुर पिकअपमध्ये (तारांचा आवाज पकडणारं गिटारवरचं चुंबक) येते, म्हणून जरा फिरून, तोंड मसाल्याच्या डब्याकडे करून बसतो. घरघर जवळपास गेली. बायको शेंगाची चटणी कांडायला घेते तेव्हा तालात कांडते, मुद्दाम.

काका मात्र हिरमुसले. रिटायर झाल्यापासून झोप येत नाही म्हणे, खटखट नसली की डोळा लागत नाही. "ते जुनं माझ्या मोबाइलमध्ये टाक की." दिलं टाकून, काय करणार, बल्ब त्यांचा होता.

आता रोज रात्री दहाला भिंतीपलीकडनं माझीच घरघर सुरू होते, कान गेल्यामुळे फुल व्हॉल्यूमवर. काका पाच मिनिटात घोरायला लागतात. मी जागा. घर्रर्र, घर्रर्र, आणि आता टक येणार, आता येणार...