गाइडचं ऐकायचं नाही भावा!

बालीला जाऊन नुसा पेनिडा बेटाची एक दिवसाची ट्रिप बुक केलीस ना, मग आता मी सांगतो तसंच कर. सकाळी सानूरहून फास्ट बोट असते, पाऊण तासाच्या आत पलीकडं नेऊन सोडते, पण समुद्र उसळला की आतडी हलवते. उलटीची गोळी आधी घ्यायची असते म्हणे. ती पुण्यामुंबईच्या लोकांनी घ्यावी, आपण घरनं आणलेलं भडंग पोटभर हाणायचं आणि सगळ्यात पुढं बसायचं, जिथं दणके जास्त बसतात.

मग स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं. गाइड बोलायला लागला की तू मोठ्यानं गप्पा सुरू कर. तो बिचारा सांगत असतो की पॅसिफिकचं पाणी बाली आणि शेजारचं लोंबोक बेट यांच्या मधनं हिंदी महासागरात घुसतं, म्हणून इथं करंट लय बेकार, जॅकेट काढू नका, बोटीपासनं लांब जाऊ नका. त्याला काय माहीत तू पंचगंगेच्या महापुरात पुलावरनं सूर मारलाय? (नसशील मारला, पण गल्लीत तसंच माहितेय.) काढ जॅकेट. वाहत गेलास तर लोंबोक लागेलच की कधीतरी.

आता मिशी. मिशीमुळं मास्क नीट बसत नाही, फटीतनं पाणी आत येतं, म्हणून लोक वरच्या ओठावर व्हॅसलिन चोपडतात. पण पीळ दिलेली मिशी व्हॅसलिननं चापून बसवायची? तालमीतल्या पोरांनी फोटो बघितला तर? नाकातोंडात खारं पाणी जाऊदे, मिशी खाली पडता कामा नये.

दम लागला की खाली दिसेल त्या कोरलवर, म्हणजे प्रवाळावर, उभा राहा. ते दगड नाही, जिवंत असतंय, त्यातलं मोठं गोलसर वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं, पण तुला पाचच मिनिटं तर उभं राहायचंय. उरलेलं भडंग माशांना टाक, लसूण त्यांनाही आवडत असणार. मांटा पॉइंटला तीन-चार मीटर रुंदीचे मांटा मासे अगदी जवळनं जातात, त्यांना नांगी नसते, खाणं म्हणजे पाण्यातले बारीक जीव, इंडोनेशियात 2014 पासून त्यांना पकडायला बंदी आहे. म्हणजे चावत नाही, मारत नाही. मग शेपूट धरून सेल्फी काढायला काय हरकत?

दुपारी ओल्या चड्डीनंच गाडीत बस, सीट कुठं आपली आहे. बेट चुनखडीचं, आतले रस्ते अरुंद, चढउताराचे आणि बऱ्याच ठिकाणी उखडलेले. ड्रायव्हर रोज तिथनंच जातो, तरी दर वळणाला त्याला गगनबावड्याचा घाट कसा उतरायचा ते मराठीत समजावून सांग. शेवटी त्याला तिथल्या चलनातली एक लाख रुपियाची नोट दे आणि घरी फोन करून सांग, लाखाची टिप दिली. आपले पाच-सहाशे रुपये होतात हे बोलू नको.

केलिंगकिंगला, तो डायनासोरसारखा कडा, तिथं सगळे वरनं फोटो काढून निघतात. खाली बीचवर जायची वाट सरळसोट, पायऱ्या बेताच्या, कठड्याला बांबू. तू ऐन निघायच्या वेळी उतरायला लाग, तेही कोल्हापुरी चपला घालून. परतीची बोट संध्याकाळची असते आणि ग्रुपमधले बाकीचे लोक गाडीत घामाघूम होऊन बसलेले असतात, असूदेत. महालक्ष्मी एक्सप्रेस आपल्यासाठी कधी थांबली नाही, पण ही बोट थांबेल की.