मीटर नेमका कशाला लावायचा?

गेल्या आठवड्यात इंदूरमधील आमच्या भागातील इंटरनेट पुरवणाऱ्याचा संदेश आला. नव्या योजनेत महिन्याला ६०० जीबी मिळतील आणि त्यापुढील प्रत्येक जीबीला वेगळा आकार पडेल. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर दोन दिवस चर्चा चालली, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांनी ती एका वाक्यात मिटवली: वीज मोजून घेतो, पेट्रोल मोजून घेतो, मग इंटरनेटच पंगतीत बसल्यासारखे का वापरायचे? काकांविषयी मला आदर आहे, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आम्ही बरोबरच जातो. परंतु त्यांनी उदाहरण विजेचे दिले आणि माझी ३४ वर्षांची नोकरी विजेच्या बिलांतच गेली. तेव्हा ग्रुपवर दोन ओळींत वाद घालण्यापेक्षा येथे सविस्तर लिहितो.

घरगुती बिलात आपण फक्त युनिट पाहतो. सांवेर रोडवरील एखाद्या कारखान्याचे बिल उघडून पाहिले तर त्यात दोन वेगळे आकार दिसतात. एक युनिटचा, म्हणजे महिनाभरात प्रत्यक्ष किती वीज वापरली त्याचा. आणि दुसरा मागणीचा, म्हणजे महिन्यातील सर्वांत जास्त ओढीच्या क्षणी त्या कारखान्याने किती केव्हीए (भार मोजण्याचे एकक) भार टाकला त्याचा. पहिला आकार का असतो? कारण प्रत्येक युनिटमागे कुठेतरी कोळसा जळतो आणि जळलेला कोळसा परत येत नाही. दुसरा आकार का असतो? कारण ट्रान्सफॉर्मर, वाहिनी आणि उपकेंद्र त्या एका सर्वाधिक ओढीच्या क्षणासाठी बांधावे लागतात, मग उरलेला दिवस ते अर्धे रिकामे राहिले तरी त्यांचा खर्च तेवढाच.

आता हीच फोड इंटरनेटला लावून पाहू. खणलेला रस्ता, त्यातील फायबर, चौकातील पेटी, केंद्रातील यंत्रे, त्यांची वीज, दुरुस्तीला येणारा माणूस, हा सगळा खर्च दुसऱ्या प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारचा, म्हणजे कोळशासारखा, खर्च जवळजवळ नाहीच. फायबरमधून पहाटे तीन वाजता एक जीबी गेला किंवा गेला नाही, तरी पुरवठादाराच्या खिशाला फरक पडत नाही, कारण यंत्र चालूच असते आणि प्रकाश सोडतच असते. फरक पडतो तो रात्री आठ ते अकरामध्ये, जेव्हा सगळी कॉलनी एकाच वेळी काहीतरी पाहत असते. प्रचलित जीपॉन पद्धतीत, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीत, एका फायबरवर सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट उतरतात आणि ते स्प्लिटर लावून बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरे एकदम पूर्ण ओढीवर आली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७८ मेगाबिट येतात, ६४ आली तर ३९. दाटी होते ती येथे आणि त्या वेळी. महिन्याच्या एकूण जीबींच्या बेरजेतून ती दिसतच नाही.

गंमत अशी की पुरवठादारांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते, कारण ते स्वतः घाऊक बाजारात बँडविड्थ घेतात ती जीबीच्या भावाने नव्हे. तेथे पंच्याण्णव पर्सेंटाइलची रीत फार जुनी आहे: दर पाच मिनिटांनी वेग मोजायचा, महिन्यातील सर्वांत वरचे पाच टक्के आकडे, म्हणजे जवळपास ३६ तासांचे, सोडून द्यायचे आणि त्याखालच्या आकड्यावर बिल करायचे. आमच्या मागणी आकाराचेच ते भावंड आहे. घाऊकात कमाल ओढीवर घ्यायचे आणि किरकोळीत जीबीवर विकायचे, याला व्यापार म्हणता येईल, पण काकांनी त्यात न्याय पाहू नये.

पाण्याचेही उदाहरण ग्रुपवर आलेच होते. आपल्या इंदूरात तर ते उलटच लागू पडते. नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणि विंध्याचा घाट चढवून आणावे लागते. प्रत्येक लिटर वर ढकलायला पंप चालतो आणि त्या विजेचे बिल इतके जड आहे की महापालिकेने २०२३ मध्ये सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. तरीही बहुतेक घरांत या पाण्याला मीटर नाही. नळ किती इंची आहे त्यावर दरमहा ठरलेली रक्कम भरायची आणि एक दिवसाआड टाक्या भरून घ्यायच्या. जे वर चढवताना दर लिटरला खर्च येतो ते आपण ठोक रकमेत घेतो आणि ज्याला वाहताना खर्च येत नाही त्याला मीटर लावायला निघालो आहोत.

माझ्या मुलाच्या कॉलेजच्या काळात, सोळा-सतरा वर्षांपूर्वी, आमच्या घरी जे ब्रॉडबँड होते त्यात मासिक मर्यादा अगदी तुटपुंजी होती, पण रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजला जात नसे. मुलगा दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड सुरू करायचा आणि परत झोपायचा. सौभाग्यवतींना तो पोरखेळ वाटे. मला मात्र त्या योजनेचे कौतुक होते, कारण ती आखणाऱ्याला भाराचा आलेख समजलेला होता. (त्याच जोडणीवर एकदा संगणकाने दिवसाढवळ्या स्वतःहून काही अपडेट उतरवून घेतले आणि त्या महिन्याचे बिल पाहून माझे कौतुक काही काळ थांबले, हेही नमूद करतो.)

मर्यादा नसेल तर जाळे कोसळेल, असे एका तरुण सभासदाने लिहिले. याची परीक्षा २०२० च्या मार्चमध्ये होऊन गेली आहे. टाळेबंदीत घरगुती वापर एकाएकी वाढला, तेव्हा अमेरिकेत कॉमकास्टसारख्या कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवरील मर्यादा काही महिन्यांसाठी उठवल्या. मर्यादेने दाटी आवरत असती तर ती उठवण्याला याहून वाईट वेळ नव्हती. जाळी कोसळली नाहीत. आपल्याकडे त्याच दिवसांत मोबाइल जाळ्यांवरील भार हलका करण्यासाठी व्हिडिओ कंपन्यांनी चित्राचा दर्जा ४८० पीपर्यंत खाली आणला, म्हणजे त्या क्षणाची ओढ कमी केली. एकूण जीबींना कोणी हात लावला नाही. अमेरिकेतील केबल उद्योगाच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल पॉवेल यांनी तर २०१३ मध्येच जाहीरपणे मान्य केले होते की या मर्यादांचा मुख्य हेतू दाटी टाळणे हा नसून उभारणीचा मोठा खर्च ग्राहकांकडून वसूल करणे हा आहे. खर्च वसूल करण्यात गैर काही नाही. मात्र त्याला दाटीचे नाव देऊ नये.

कॅनडात २०११ मध्ये यावर मोठे रण माजले होते. मोठ्या कंपन्यांच्या तारांवर चालणाऱ्या छोट्या पुरवठादारांनाही वापरानुसार आकार लावण्याचा तो प्रश्न होता. लाखो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या आणि वर्षअखेरीस तेथील नियामकाने जीबीवरच्या आकारणीऐवजी क्षमतेवर आधारित आकारणीचा मार्ग दिला. वीजवाल्याला यात नवे काही वाटणार नाही.

काकांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. रामबागेत माझी मावशी राहते. तिचे इंटरनेट म्हणजे सकाळचे कीर्तन आणि पुण्याच्या नातीशी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल. तिने रात्रभर गेम उतरवणाऱ्या घराइतकेच पैसे का भरावेत? भरू नयेत. विजेत आपल्या मध्य प्रदेशात दरमहा १५० युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घराला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. लहान ग्राहकाला सांभाळण्याची ती रीत योग्यच आहे. पण मावशीला हवी आहे ती कमी वेगाची, स्वस्त आणि न मोजलेली जोडणी. २० मेगाबिट तिला पुरून उरतील आणि संध्याकाळी तिचा भारही तेवढाच पडेल. मीटर लावला तर सत्तरी ओलांडलेली ती बाई नातीचा चेहरा पाहतानाही आकडा मोजत बसेल.

शेवटी ‘अमर्यादित’ या शब्दाविषयी. जिओ आणि एअरटेलच्या फायबर योजनांत या शब्दाखाली बारीक अक्षरांत ३,३०० जीबींच्या आसपास मर्यादा असते. हा आकडा हिशेबाने महिनाभर चोवीस तास अखंड सेकंदाला १० मेगाबिट इतका होतो. घरगुती वापरात तो क्वचितच गाठला जाईल, आणि घरगुती जोडणीवर दुकानदारी करणाऱ्याला आळा घालायचा असेल तर माझी हरकत नाही. हरकत शब्दाला आहे. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्ये कंपन्यांना सांगितले की मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट कळवा, आणि तो ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नका. २०२३ पासून मात्र सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ मेगाबिट. म्हणजे तो किमान वेग आज ब्रॉडबँडच्या व्याख्येतच बसत नाही. त्याच ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली, हे बरे झाले. नाहीतर आपला व्हिडिओ मोफत आणि दुसऱ्याचा मीटरवर, ही पुढची पायरी ठरलेलीच होती.

काल आमच्या पुरवठादाराला फोन करून विचारले की रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील जीबीही ६०० मध्ये धरणार का. तो म्हणाला, ‘‘हो साहेब, दर तोच, वेळ कोणतीही असो.’’ माझी जुनी योजना मार्चपर्यंत भरलेली आहे. ती तोवर चालू ठेवतो असे त्याला कळवले आहे.