आतलं भाईर

मुलाच्या मित्राचा पुण्यात बंगला आहे. तिथे मी ते पाहिलं आणि माझी मती फिरली. काळ्या दगडाच्या भिंतीवरून पाणी घरंगळतंय, खाली कुंड, आणि कुंडाच्या मधोमध पसरट घंगाळात चक्क जाळ! हुतात्मा एक्स्प्रेसने कुर्डुवाडी ओलांडली तेव्हा जुळे सोलापुरातलं आमचं अंगण माझ्या डोक्यात बांधून तयार होतं.

हिला सांगितलं. ही ज्वारीचं पीठ चाळत होती, ती चाळतच राहिली. "नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून कारंजं. आणि मे महिन्यात 43 अंशांनी भागत नाही, म्हणून जाळ. बरं."

तिचंही खरं होतं. आम्ही सोलापूरकर उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी वजा टक्क्यांत मोजतो. वापरायचा साठा संपला की तळाचा उपसायचा आणि आकड्याआधी वजा लावायचा. पण हौसेला वजाबाकी कुठे कळते?

ठेकेदार उत्साही निघाला. जाळ चालणार होता स्वयंपाकाच्या गॅसवर, आणि तो गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, म्हणून घंगाळाखालच्या चौथऱ्याच्या तळाशी हवेला वाट हवी. नकाशात तसे झरोके होतेही. ते गवंड्याने सिमेंटने सफाईदार बुजवले. का? "पाली शिरतात ओ सर." गॅस जोडायला आलेल्या माणसाने ते पाहिलं आणि तो चौथऱ्यापासून चार पावलं मागे सरला. झरोके पुन्हा फोडले. त्या फोडाफोडीची मजुरी वेगळी.

उद्घाटन अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी. घाम पुसत पाहुणे जाळाभोवती बसले. असं दृश्य मे महिन्यात फक्त आमच्याच अंगणात असणार. शोभा म्हणून ठेकेदाराने घंगाळात नदीतले गुळगुळीत गोटे रचले होते. खरं तर तिथे सच्छिद्र लाव्हा दगड लागतो. ओल्या गोट्याच्या पोटातल्या पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते, आणि गोटा काही फुगत नाही. पाचव्या मिनिटाला फाट्! साडू खुर्चीसकट मागे. एक कपची शेंगाचटणीच्या वाटीत सापडली. कुणाला लागलं नाही, पण त्यानंतर चटणी कुणी खाल्ली नाही.

गोटे काढले, पुन्हा पेटवलं. तेवढ्यात वारं सुटलं. भिंतीवरचं पाणी थेट जाळावर. चर्र! ज्योत विझली की गॅस बंद करणारा व्हॉल्व्ह त्यात होता आणि अख्ख्या प्रकल्पात इमानदार तेवढाच. तो दर वेळी खटकन मिटायचा. मी पेटवायचो, वारं विझवायचं, तो मिटायचा. पाहुणे टाळ्या वाजवून मोजू लागले.

सातव्यांदा विझल्यावर शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय ओ सर, हे बंबच की! नुसतं आतलं भाईर केलाव."

मी गप्पच झालो. आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, मध्ये तांब्याचा पत्रा. भांडण नाही, वर आंघोळीला कढत पाणी. गावाचंही तेच. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात, पण संक्रांतीचा होम शेजारच्या मैदानावर. होम तळ्यात नेऊन पेटवायचं इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याला माझ्यासारखा सेवानिवृत्त मास्तर लागतो.

दोन महिन्यांत क्षारांनी काळी भिंत पांढरी केली. पंप थांबला, मग डास आले, मग डासांसाठी गप्पी मासे. सिलिंडर हिने स्वयंपाकघरात नेला. थंडीत घंगाळात गोवऱ्या घालून आम्ही हुरडा भाजला. तो मात्र, खोटं कशाला बोलू, फक्कड झाला.

परवा पुण्याचा तो मित्र आला. नेमकं पहाटे पाणी सुटलं होतं. टाकी, पिंपं भरून झाल्यावर हिने मासे बादलीत काढून कुंडही घासून काठोकाठ भरून घेतलं होतं.

"काकू, वॉटर फीचर बंद का?"

"बंद कुठंय?" हिने त्याच्या हातात कळशी दिली. "घे, बुडव."